तोळाभर शिशाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझा पहिला कवितासंग्रह खिळे जुळवून छापला गेला. तालुक्याच्या गावी एक छापखाना होता. तिथले कंपोझिटर काका एकेक खिळा उचलून ओळीत लावत आणि माझी ओळ माझ्या डोळ्यांदेखत शिशाची होत असे. पुढे डीटीपी आले, छापखाना बंद पडला आणि ते सगळे खिळे भंगारवाल्याने किलोवर नेले. त्यांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

पुष्कळ वर्षांनी नेमबाजीचा इतिहास वाचताना कळले की, अमेरिकेत छपाईच्या धातूला एक वेगळेच गिऱ्हाईक मिळाले होते. कागदी लक्ष्यावर रायफलने नेम धरणारे हौशी लोक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतला हा धातू विकत घेत आणि घरी वितळवून त्याच्या गोळ्या ओतत. वाचून मला बरे वाटले नाही. अक्षराची गोळी झाली, असे मनात आले. पण पुढे वाचत गेलो तेव्हा समोर आला तो एका काटकसरीचा इतिहास. तोच आज तुम्हाला सांगतो.

आपण बोलताना ज्याला 'गोळी' म्हणतो ते खरे तर काडतूस. त्याचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी मात्र हातात राहते, आणि चारांत बहुधा तीच महाग. मग ती टाकायची कशाला? नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालून ती पुन्हा भरायची. यालाच रिलोडिंग म्हणतात. म्हणजे दर खेपेला प्रश्न उरतो तो एवढाच, की गोळी कुठली आणि केवढ्याची घ्यायची?

हा प्रश्न किती मोलाचा आहे, ते १८७४ च्या एका सामन्यावरून कळते. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत लांब पल्ल्याची स्पर्धा झाली. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्डांची. अमेरिकेला ९३४ गुण, आयर्लंडला ९३१. आयर्लंडच्या मिल्नर नावाच्या नेमबाजाची एक गोळी अगदी मध्यभागी लागली होती, पण शेजारच्याच्या लक्ष्यावर. मध्यभागाचे चार गुण मिळत. ते धरले असते तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. अशा खेळात नशीब सोडले तर बाकी सगळे सरावावर असते आणि सरावाला गोळ्या लागतात, शेकड्यांनी, हजारांनी. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेटिकटमधील न्यू हेवन येथे 'आयडियल' ही कंपनी काढली. गोळ्या ओतण्याचे साचे आणि पुंगळ्या भरण्याची अवजारे ती विकत असे. चुलीवर शिसे वितळवून साच्यात ओतणे हा साध्या माणसाच्या आवाक्यातला उद्योग झाला.

इथेच छपाईचा धातू येतो. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' वर्तमानपत्रात लायनोटाइप यंत्र सुरू झाले. अख्खी ओळ एकदम ओतणारे हे यंत्र. त्याच्या धातूत साधारण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील. अँटिमनीने शिसे कडक होते, कथलामुळे ते साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचते. अक्षराची कड स्वच्छ उठण्यासाठी हे मिश्रण ठरले होते. गोळीची कड स्वच्छ उठण्यासाठीही तेच हवे होते. पुढे वर्तमानपत्रे नव्या छपाईकडे वळली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९७८ मध्ये शिशाची जुळणी थांबवली. तिकडेही धातू भंगारात निघू लागला आणि नेमबाजांनी तो उचलला.

पण नुसत्या शिशाला मर्यादा असते. वेग फार वाढला की ते नळीला आतून फासते आणि नेम बिघडतो. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडचे एदुआर्द रुबिन यांनी शिशाला तांब्याचे कवच घातले. त्याने काम झाले, मात्र कवचाची गोळी चुलीवर होत नाही, तिला यंत्र लागते. त्यामुळे हौशी माणूस पुन्हा कारखान्याच्या दारात आला. दुसऱ्या महायुद्धात ते दारही बंद झाले. तांबे, शिसे, दारू सगळे लढाईला चालले होते.

या टंचाईतून जे झाले ते मला फार आवडते. 'पॉइंट टू-टू' नावाचे एक बारीक काडतूस असते. त्याची ठिणगीची पूड बुडाच्या काठात भरलेली असते, त्यामुळे त्याची पुंगळी पुन्हा भरण्यासारखी नसते. सरावाच्या मैदानावर अशा पुंगळ्यांचा खच पडे. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी घरच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा बनवला. टाकाऊ पुंगळीचा काठ दाबून सपाट करायचा, आत शिशाच्या तारेचा तुकडा घालायचा आणि टोक आवळायचे. झाली कवचाची गोळी! जी पुंगळी पुन्हा भरता येत नव्हती, तीच दुसऱ्या गोळीचा अंगरखा झाली. रॉक चक नावाच्या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या होत्या, म्हणून त्या साच्याचे नाव 'रॉक चक बुलेट स्वेज'. त्याच आद्याक्षरांनी १९४३ मध्ये 'आरसीबीएस' ही कंपनी उभी राहिली. व्हर्नन स्पियर आणि जॉइस हॉर्नडी हेही याच वाटेने गेले.

युद्ध संपल्यावर उलटे झाले. टंचाईच्या जागी उरलेल्या मालाचे डोंगर आले. कॅन्ससचे ब्रूस हॉजडन यांनी आपल्या विम्यावर कर्ज काढून सरकारची शिल्लक दारू विकत घेतली, तब्बल ५०,००० पौंड. ठेवायला जागा नाही, म्हणून रेल्वेचा जुना डबा भाड्याच्या कुरणात उभा केला आणि मासिकात छोटी जाहिरात दिली. हॉर्नडी यांनी शिल्लक लष्करी यंत्रे घेतली आणि १९४९ मध्ये नेब्रास्कातील ग्रँड आयलंड येथे ३० कॅलिबरची, १५० ग्रेन वजनाची गोळी बाजारात आणली. कॅलिफोर्नियात १९४७ मध्ये 'सिएरा' सुरू झाली. हजारांच्या हिशेबाने मिळणारी परवडणारी गोळी ही अशी युद्धाच्या उरल्यासुरल्यातून आली.

आता स्वस्त आणि चांगली यांतला फरक. हा ग्रेन म्हणजे काय, ते आपल्या सराफाला विचारा. १८३३ मध्ये इंग्रजांनी आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवला. म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची. नेमबाजांची आवडती १६८ ग्रेनची गोळी तोळ्याला बारा ग्रेन कमी. सोने तोलावे तसे हे लोक गोळ्या तोलतात. पण त्यांना हवे असते ते जास्त वजन नव्हे, सारखे वजन. एक गोळी दुसरीसारखी असली तरच दुसरी पहिलीच्या वाटेने जाते.

आणि सारखेपणा नेमका कुठे पाहायचा? मॅसॅच्युसेट्सचे डॉ. फ्रँकलिन मान यांनी यासाठी जमिनीत पक्का खांब रोवला, त्यावर नळी बसवली आणि माणसाच्या हाताचा दोषच काढून टाकला. मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या त्यांनी झाडून पाहिल्या. १९०९ मध्ये त्यांचे पुस्तक आले. गोळीचे टोक चेपले तर फारसे बिघडत नाही, पण बूड वाकडे असेल तर गोळी भरकटते, असे त्यांना आढळले होते. आपण पाहतो टोकाकडे, बिघाड असतो बुडाशी! लष्करी पद्धतीच्या स्वस्त गोळीचे कवच टोकाकडून चढवलेले असते, त्यामुळे तिचे बूड उघडे राहते. स्पर्धेच्या गोळीचे कवच बुडाकडून चढते आणि बारीक छिद्र टोकाशी राहते. भाव का वेगळा, ते यावरून समजावे.

म्हणून जाणते नेमबाज घाऊक माल घेताना घाई करत नाहीत. मोडलेल्या लष्करी काडतुसांतून उपसलेल्या गोळ्या मिळतात, त्यांवर सांडशीचे ओरखडे असू शकतात. कारखान्याने डाग पडल्यामुळे बाजूला काढलेल्या मिळतात. डाग नुसताच वरचा असेल तर त्या उत्तम चालतात. नळीचा पीळही पाहावा लागतो. लांब गोळीला जलद पीळ लागतो, त्याचे गणित वुलिचच्या ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच मांडून ठेवले आहे. एवढे पाहून आधी थोड्या गोळ्या घ्यायच्या, आपल्याच रायफलमधून झाडायच्या, कागदावरची भोके मोजायची. पसंत पडल्या तर त्याच खेपेच्या हजारभर घ्यायच्या. जवळच्या पल्ल्याच्या सरावाला साध्या चालतात, दूरच्या स्पर्धेला निवडक ठेवायच्या. दोन्हींकडे महागड्या उडवणारा सरावात कमी पडतो, दोन्हींकडे स्वस्त वापरणारा सामन्यात.

हे तिकडचे झाले. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तेव्हा कुणी साचा शोधायला निघू नये. शिशाची वाफही विषारी असते. आमचे कंपोझिटर काका हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नसत, ते उगाच नव्हे. पण निवडीची ही शिस्त आपल्या मातीत आहेच. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवले. दोघांचाही प्रकार ५० मीटर रायफलचा, आणि त्यात तेच 'पॉइंट टू-टू' काडतूस. ते पुन्हा भरता येत नाही, म्हणून या खेळातले नेमबाज वेगवेगळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलमधून तपासतात आणि मानवेल ती खेप निवडतात. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे. शर्टाच्या बटणाएवढे.

अक्षराची गोळी झाली याचे मला वाईट वाटले होते. ते पूर्ण गेले, असे म्हणणार नाही. शिसे काय होईल, हे त्याच्या हातात नसते. पण कागदावर एकाच भोकातून पुन्हा पुन्हा जाऊ पाहणारी गोळी कुणाचे काही घेत नाही. ती झाडणाऱ्याला फक्त त्याची चूक दाखवते. कंपोझिटर काकाही प्रूफ हातात देताना तेच करत. एक खिळा उलटा लागलेला असे. ते म्हणत, ''बघा कवी, कागद लपवत नाही.''