कॅमेरा उघडणारे हात

अंबरनाथमध्ये कारखान्यांच्या आधी कॅमेरा आला. 1868 साली मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षक आणि विद्यार्थी इथल्या शिवमंदिराची चित्रं आणि शिल्पांचे साचे करायला आले, तेव्हा त्या कामात फोटोही काढले गेले. शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख असलेल्या या मंदिराची नोंद राहावी, असं सरकारला वाटत होतं. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, भाता आणि पितळी नळीत बसवलेलं भिंग. पेटीला फट पडली तर ती सुताराला बुजवता येई, नळीला पोचा आला तर तो तांबटाला काढता येई.

मी याच गावात वाढलो. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मशिनिस्ट होते आणि मी स्टेशनच्या पूर्वेला फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं-बारशी होतीच, पण माझं घर मुख्यतः एमआयडीसीनं चालवलं. कामगारांचे गेट पासचे फोटो, कॅटलॉगसाठी व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्स, निर्यातीचा माल कंटेनरमध्ये भरतानाचे फोटो, अपघात झाला की विम्याच्या सर्व्हेअरला लागणारे फोटो, खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेल्या मशिनी. त्या दिवशी टूलरूममध्ये व्हर्निअर आणि मायक्रोमीटरच्या शेजारी माझ्या कॅमेऱ्यालाही हळद-कुंकू लागायचं. या कॅमेऱ्यांची दुरुस्ती इथे कोण करत होतं आणि ती इथून कशी गेली, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहून ठेवणं मला माझं काम वाटतं.

विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आणि धरमसी मोरारजींचा रासायनिक कारखाना इथे स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे. 1950 च्या दशकात ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये अंबरनाथ होतं. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेड उभ्या राहिल्या. लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडर, डाय आणि साचे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारी माणसं इथे चाळीचाळीत राहायला आली. दुसऱ्या पाळीवरून परतलेला टर्नर रात्री ओट्यावर बसून शेजाऱ्याचं घड्याळ, रेडिओ, शिलाई मशीन उघडायचा, आणि त्याला कुणी पदवी विचारत नसे.

रुळांनी पुढचं स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास 1 लाख निर्वासितांचं घर झाली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. सगळं मागे टाकून आलेल्या लोकांनी बराकींमध्ये संसार मांडले आणि हाताला येईल तो धंदा उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असं म्हणून लोक हसत आले आहेत. मला त्यात कधी हसू आलं नाही. एखाद्या वस्तूची नक्कल करायची तर ती शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडावी लागते, समजून घ्यावी लागते. अंबरनाथची मापं आणि उल्हासनगरची ही उघडून बघण्याची हिंमत, या दोन्हींच्या जोरावर आमच्या भागात कॅमेरा दुरुस्ती चालली.

त्या काळी कॅमेरा मिळणंच कठीण. आयातीवर बंधनं, जकात जबर. मध्यमवर्गीय घरात दिसायचा तो आगफा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनलेला. 120 च्या रोलवर 12 चौकोनी फोटो. पुढे 1980 च्या दशकात फोटोफोनचा हॉट शॉट आला आणि त्याच्या जाहिरातीतलं 'खटॅक' पोरांच्या तोंडी बसलं. जपानी कॅमेरा असायचा तो आखातातून आलेल्या नातेवाइकानं आणलेला किंवा फोर्टातल्या बोरा बाजारात हातोहात घेतलेला. त्याची वॉरंटी नसे आणि कंपनीचं केंद्र नसे. म्हणून तो दुरुस्त करणारा माणूस गावात असणं भागच होतं.

आमच्या भागातले असे एक गृहस्थ उल्हासनगरच्या कॅम्पात बसत. सगळे त्यांना साईं म्हणत. खिडकीपाशी टेबल, त्यावर पांढरं फडकं, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. गिऱ्हाइकाला समोर बसवून ते कॅमेरा उघडत. काढलेला प्रत्येक स्क्रू फडक्यावर त्याच क्रमाने मांडत, म्हणजे परत बसवताना चूक नको. शटरच्या पात्यांवर जुनं तेल गोठलं की कॅमेऱ्याचे संथ वेग अडकतात, एक सेकंदाचा शटर उघडतो तो मिटतच नाही. साईं पाती लायटरच्या पेट्रोलनं धुऊन कोरडी करत, आणि मला दाखवत, "बघ भाऊ, इथे तेल नको. तेल फक्त या दांड्याला, सुईच्या टोकाएवढं."

पावसाळा हा आमच्या कॅमेऱ्यांचा खरा वैरी. जून ते सप्टेंबर उल्हास नदीच्या खोऱ्यातली हवा इतकी दमट की भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. वेळेवर पुसली तर जाते, उशीर झाला तर काचेवरचा लेप खाऊन कायमचा डाग ठेवते. औषध कंपनीतला एक स्टोअरकीपर मला निळ्या सिलिका जेलच्या पुड्या द्यायचा. ओल शोषून दाणे गुलाबी झाले की पत्र्यावर तापवून पुन्हा निळे करायचे आणि हवाबंद डब्यात कॅमेऱ्याशेजारी ठेवायचे. एखादा भाग तुटला तर साईं तो कागदात गुंडाळून माझ्याकडे देत आणि मी तो एमआयडीसीतल्या लेथवाल्या मित्राकडे नेई. रोल गुंडाळण्याच्या दांड्याची पिन, ट्रायपॉडचा पाव इंची स्क्रू, फ्लॅशचा खूर. जेवणाच्या सुट्टीत तो तुकडा तयार व्हायचा. त्याचं बिल कधी फाटलं नाही.

हे सगळं बदललं ते 2000 नंतरच्या काही वर्षांत. डिजिटल कॅमेरा आला आणि त्याच्यासोबत पक्कं बिल, वॉरंटी कार्ड आणि अधिकृत सेवा केंद्र. मला त्याचा आनंद झाला होता. आता कंपनी जबाबदार आहे, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

माझ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स एका ग्राइंडिंग शॉपमध्ये काम करताना अर्धवट बाहेर येऊन अडकली आणि पडद्यावर लेन्सचा दोष दाखवणारी अक्षरं आली. वॉरंटी शिल्लक होती. कल्याणच्या केंद्रात काउंटरवरच्या मुलीनं कॅमेरा ठेवून घेतला आणि जॉबशीट दिली. ते केंद्र फक्त वस्तू गोळा करणारं होतं, वर्कशॉप मुंबईत. मग सुरू झाले फोन. दर वेळी नवा आवाज, दर वेळी मॉडेल आणि सीरियल नंबरपासून सगळी कथा पुन्हा. एकदा उत्तर यायचं की तपासणी चालू आहे, एकदा यायचं की पार्ट परदेशातून यायचा आहे. इकडे पार्टीचा कंटेनर भरून जायचा आणि मी उसना कॅमेरा घेऊन धावायचो. अखेर कळवण्यात आलं की आत धूळ गेली आहे, ते वॉरंटीत बसत नाही, पूर्ण लेन्स असेंब्ली बदलावी लागेल. सांगितलेली रक्कम नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्याच्या आसपास होती. मी म्हटलं, ती धूळ मला दाखवा, कॅमेरा ज्यांनी उघडला त्यांच्याशी माझं बोलणं करून द्या. उत्तर आलं, "सर, इंजिनीअर कस्टमरशी बोलत नाहीत." मी खर्चाला नकार दिला, तेव्हा तपासणीचे पैसे भरून कॅमेरा होता तसाच परत मिळाला.

त्या मुलीवर माझा राग नव्हता, आजही नाही. तिनेही तो कॅमेरा उघडलेला पाहिला नव्हता. मी आणि ज्याने कॅमेरा उघडला तो माणूस यांच्यामध्ये काउंटर, कुरिअर, कॉल सेंटर अशी साखळी होती आणि त्या साखळीत कुणालाच खरं उत्तर देण्याचा अधिकार नव्हता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पैसे मी साईंनाही देत होतो. पण त्यांच्यासमोर बसून मला बिघाड दिसत होता.

साईं तोवर गेले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलानं कॅमेरा माझ्यासमोर उघडला. लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या प्लास्टिकच्या बारक्या गिअरचे दोन दात तुटले होते. एवढंच. बाकी असेंब्ली ठणठणीत होती. तो गिअर सुटा कुठेच विकत मिळत नव्हता. मी तो मित्राच्या टूलरूममध्ये नेला. त्यानं प्रोफाइल प्रोजेक्टरवर दात मोजले आणि म्हणाला, "साचा करता येईल रे, पण एका गिअरसाठी साच्याचा खर्च कोण करणार?" ज्या गावात दिवसाला हजारो गिअर कापले जातात, तिथे ग्रॅमभर वजनाचा एक गिअर आम्ही मिळवू शकलो नाही. शेवटी त्याच मॉडेलचा एक मेलेला कॅमेरा उल्हासनगरात सापडला. त्यातला गिअर काढून बसवला आणि माझा कॅमेरा पुढे बरीच वर्षं चालला. मग दात धुळीनं तुटले होते की गिअरच कमकुवत होता? कंपनीनं तेव्हाच उघडून दाखवलं असतं तर वाद मिटला असता.

कंपन्यांचंही चुकू शकतं, हे त्याच सुमारास जगानं पाहिलं होतं. ऑक्टोबर 2005 मध्ये कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, सोनी अशा कित्येक कंपन्यांनी एकामागोमाग सूचना काढल्या. सोनीनं 2002 ते 2004 दरम्यान बनवलेले काही सीसीडी सेन्सर उष्ण आणि दमट हवेत निकामी होत होते. वॉरंटी संपली असली तरी ते मोफत बदलून देण्याचं कंपन्यांनी मान्य केलं. तोवर ज्यांचे फोटो काळे-जांभळे येत होते त्यांना, दोष त्यांच्या वापराचा नव्हता, हे कुणी सांगितलं होतं? ते वर्ष 26 जुलैच्या महापुराचं. बदलापूर ते कल्याण पाणी घराघरात शिरलं होतं आणि आमच्या भागातल्या कुठल्याही यंत्रावर पाण्याचा शिक्का मारणं सोपं झालं होतं.

ग्राहकाच्या हक्कांच्या बाबतीत महाराष्ट्रानं देशाला रस्ता दाखवला आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि 1986 मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. पण त्या कायद्यात तक्रार कंपनीचं कार्यालय वा शाखा असेल तिथे किंवा तक्रारीचं कारण घडलं तिथेच करावी लागे. 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची सोय झाली. अंबरनाथच्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

सुट्या भागांचा प्रश्न मात्र वेगळाच. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण त्यांचे सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळत नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तत्त्व मांडलं गेलं. कॅमेऱ्यांच्या जगात वारं उलटं वाहत होतं. 2012 मध्ये निकॉननं अमेरिकेतल्या बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग देणं थांबवलं. त्यात धंदाच आटला. 2010 मध्ये जपानी कंपन्यांनी 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, 2020 मध्ये 90 लाखही नाहीत. फोटो मोबाइलवर गेले, कंपन्या बाहेर पडल्या, आणि चांगले कॅमेरे एका गिअरपायी कपाटात पडून राहिले.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एकत्र ठेवावी अशी अपेक्षा आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं 1 जुलै 2024 पासून याहून पुढचं पाऊल टाकलं. 100 डॉलर वा त्याहून महाग उपकरणाचं उत्पादन थांबल्यावरही 7 वर्षं त्याचे भाग, हत्यारं आणि माहिती ग्राहकाला आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला मिळाली पाहिजे. हे बंधन आपल्याकडेही कायद्यानं यायला हवं. त्यासोबत तीन साध्या गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात: जॉबशीटवर ग्राहकाच्या भाषेत बिघाडाचं लेखी कारण, बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हातात परत, आणि वॉरंटी नाकारायची असेल तर उघडलेल्या यंत्राचा फोटो.

कौशल्य इथे आजही आहे. अंबरनाथच्या आयटीआयमधून दर वर्षी फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक्सची मुलं बाहेर पडतात. उल्हासनगरच्या गल्ल्यांमध्ये मोबाइलच्या बोर्डावर सूक्ष्मदर्शकाखाली डाग देणारे हात आहेत. त्यांना सुटा भाग आणि नकाशा द्या. गिऱ्हाइकाला समोर बसवून यंत्र उघडायला ती मुलं आजही तयार आहेत.