थंड गिअरपेटीची कैफियत
पॅरिसमध्ये १८९१ च्या सुमारास एमिल लव्हासोर याने मोटारीला सरकत्या दंतचक्रांची योजना दिली, तेव्हापासून पुढली तीन-चार दशके गिअर बदलणे ही एक कलाच होती. कारण निरनिराळ्या वेगांनी फिरणारी चक्रे निमूट एकमेकांत बसवायची, तर चालकाला क्लच दोनदा दाबून त्यांचे वेग स्वतःच जुळवून आणावे लागत. १९२८ साली कॅडिलॅक कंपनीने अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याची सिंक्रोमेश रचना प्रचारात आणली आणि हे कष्टाचे काम शंक्वाकार पृष्ठभागांच्या घर्षणावर सोपविले.

त्या घर्षणातच थंडीतल्या तक्रारीचे मूळ आहे. उत्तर अमेरिकेच्या वा स्कँडिनेव्हियाच्या हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीचे वंगण इतके दाट होते की, ते शंकूंच्या फटीतून वेळेवर निसटत नाही, वेग जुळवणारे सिंक्रोमेशचे कडे पकड घेत नाही आणि गिअरचा दांडा अडून राहतो.

कारागिरांची तपासाची पद्धत मला विलक्षण विवेकी वाटते. उभ्या गाडीत इंजिन बंद असता गिअर सुखाने पडतो व चालू होताच अडतो, तर संशय क्लच पुरता न सुटण्यावर. बंद असतानाही दांडा जड, तर जोडणीतील गंजावर वा सुकलेल्या ग्रीसवर. आणि काही मैलांनी, पेटी उबदार झाल्यावर, तक्रार आपोआप मिटली, तर वंगणावर. या शेवटच्या कारणावर पातळ तेलाची तजवीज झाली: ७५ डब्ल्यू हा शिक्का असलेल्या तेलाची श्यानता उणे ४० अंश सेल्सिअसलाही ठरावीक मर्यादेत राहते. मात्र गंधकयुक्त तेल पितळी कड्यांना मानवते की नाही, याची शहानिशा ते भरण्यापूर्वीच करावी.