हैतीपासून मिळवलेले स्वातंत्र्य : एका बेटावरील दोन राष्ट्रांची कथा

१/ लॅटिन अमेरिकेतील बहुतेक राष्ट्रांचा स्वातंत्र्यदिन स्पेन किंवा पोर्तुगालच्या जोखडातून सुटल्याचे स्मरण करून देतो. डोमिनिकन प्रजासत्ताक मात्र २७ फेब्रुवारीला जे स्वातंत्र्य साजरे करते, ते १८४४ साली शेजारच्या हैतीपासून मिळवलेले आहे. दोन्ही देश हिस्पॅनिओला या एकाच कॅरिबियन बेटावर वसलेले. पश्चिमेचा सुमारे एक-तृतीयांश भाग हैतीचा, उरलेला डोमिनिकन. तिकडे क्रेओल आणि फ्रेंच, इकडे स्पॅनिश. हा दुरावा आला कोठून?

२/ त्याचा आरंभ स्पेनच्याच एका अविचारी आज्ञेत आहे. बेटाच्या उत्तर व पश्चिम किनाऱ्यावरील रहिवासी डच, इंग्रज व फ्रेंच जहाजांशी चोरटा व्यापार करीत. तो थांबवण्यासाठी १६०५-०६ मध्ये गव्हर्नर ओसोरियोने तेथील गावेच्या गावे उठवली, घरे जाळली आणि लोकांना राजधानीच्या बाजूस हलवले. ओसाड पडलेल्या मुलखात पुढे फ्रेंच चाचे व शिकारी शिरले. १६९७ च्या रिस्विक तहानंतर स्पेनने त्यांची वसाहत व्यवहारात मान्य केली. रीतसर सीमा आखली गेली ती १७७७ मध्ये.

३/ फ्रेंचांची ही वसाहत, सां-दोमिंग, अठराव्या शतकात साखर व कॉफीच्या बळावर जगातील सर्वांत श्रीमंत वसाहतींपैकी एक झाली. त्या वैभवाची किंमत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे मोजत होती. १७८९ च्या सुमारास तेथे जवळजवळ पाच लाख गुलाम होते. मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर, की मळे चालू ठेवण्यासाठी गुलामांची नवी जहाजे सतत आणावी लागत.

४/ पूर्वेकडील स्पॅनिश भागाची एकूण लोकसंख्याच त्या वेळी लाख-सव्वा लाखाच्या आसपास होती. तेथील मुख्य धंदा गुरेपालनाचा. गुलामगिरी तेथेही होती, पण अफाट मळे नव्हते. मिश्र वंशाचे स्वतंत्र लोक संख्येने मोठे होते. दोन समाजांमधील भेद आधी अर्थव्यवस्थेचा होता. वंशाचा म्हणून तो पुढे रंगवला गेला.

५/ ऑगस्ट १७९१ मध्ये सां-दोमिंगमधील गुलामांनी उठाव केला. तेरा वर्षांच्या संहारक युद्धानंतर १ जानेवारी १८०४ रोजी देसालीनने स्वातंत्र्य घोषित केले आणि देशाला मूळ रहिवाशांच्या, म्हणजे तैनो लोकांच्या भाषेतील ‘हैती’ हे नाव दिले. १८०५ च्या राज्यघटनेने सर्व हैतीयन नागरिक, वर्ण कोणताही असो, ‘कृष्णवर्णीय’ म्हणून ओळखले जातील असे ठरवले. त्याच वर्षी देसालीनच्या सैन्याने पूर्वेकडील शहरांत केलेल्या कत्तलीही विसरता येत नाहीत. डोमिनिकन स्मृती त्या विसरलेली नाही.

६/ आता कळीचा काळ. १८२१ च्या अखेरीस पूर्वेने स्पेनपासून स्वातंत्र्य पुकारले. काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १८२२ मध्ये, हैतीचा अध्यक्ष बोयेर सैन्यासह तेथे आला. पुढची २२ वर्षे संपूर्ण बेट एका सत्तेखाली होते. हैती या काळाला एकीकरण म्हणते, डोमिनिकन पाठ्यपुस्तके परकी सत्ता म्हणतात. बोयेरने पूर्वेतील गुलामगिरी संपवली. ज्याच्या पायातील बेडी तुटली त्याला ही परकी सत्ता कशी वाटली असेल, हा प्रश्न राष्ट्रीय इतिहासांत फारसा विचारला जात नाही. पण बोयेरने चर्चच्या जमिनीही जप्त केल्या, फ्रेंच ही राज्यकारभाराची भाषा केली, आणि पूर्वेवर असा एक बोजा टाकला जो तिचा नव्हताच.

७/ तो बोजा फ्रान्सचा. १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून फ्रान्सने हैतीकडून १५ कोटी फ्रँक मागितले : मळेमालकांचे जे नुकसान झाले, त्याची भरपाई. त्या नुकसानीत माणसेही मोजलेली होती! १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यासाठी काढलेल्या कर्जांचे शेपूट १९४७ पर्यंत पुरले. पूर्वेलाही या वसुलीत ओढले गेले, आणि असंतोष पेटला. दुआर्तेने १८३८ मध्ये स्थापन केलेल्या ‘ला त्रिनितारिया’ या गुप्त संघटनेतून १८४४ चे स्वातंत्र्य उभे राहिले.

८/ गंमत पाहा, १८६१ मध्ये अध्यक्ष सांतानाने देश पुन्हा स्पेनच्याच हाती दिला. त्याविरुद्ध लढणाऱ्या डोमिनिकन बंडखोरांना हैतीतून मदत मिळाली. १८६५ मध्ये स्पेन निघून गेला. ही मैत्री दोन्हीकडच्या लोकप्रिय इतिहासात कोपऱ्यातच पडून आहे.

९/ विसाव्या शतकात अमेरिकी भांडवलावर पूर्वेत उसाचे मोठे मळे पसरले आणि तोडणीला मजूर आले ते हैतीतून. ज्यांच्या पूर्वजांनी पश्चिमेतील मळेशाही जाळली, त्यांचीच नातवंडे पूर्वेच्या फडांत कोयते चालवू लागली.

१०/ ऑक्टोबर १९३७. हुकूमशहा त्रुहियोच्या आदेशाने सीमाभागातील हजारो हैतीयन मारले गेले, बहुतेक कोयत्यांनी. ‘पेरेहिल’ (कोथिंबिरीसारखी एक पालेभाजी) हा शब्द उच्चारायला लावून माणूस ओळखत, अशी कथा प्रसिद्ध आहे. परंतु मारलेल्यांपैकी अनेक जण तेथेच जन्मलेले, दोन्ही भाषा सहज बोलणारे होते. अमेरिकी साखर कंपन्यांच्या मळ्यांवरील मजुरांना मात्र हात लावला गेला नाही. सीमेवरील नदीचे ‘मासाक्रे’, म्हणजे कत्तल, हे नाव या घटनेहून बरेच जुने आहे. भरपाई म्हणून साडेसात लाख डॉलर ठरले. त्यातही नंतर कपात झाली.

११/ त्रुहियोच्या आईच्या घराण्यात हैतीयन रक्त होते. तरीही त्याच्या राजवटीने राष्ट्राची व्याख्या स्पॅनिश, कॅथलिक आणि हैतीविरोधी अशी घट्ट केली. सावळ्या डोमिनिकन नागरिकाच्या ओळखपत्रावर वर्ण म्हणून ‘इंदिओ’ लिहिले जाई. बेटावरील मूळ तैनो समाज तर सोळाव्या शतकातच जवळजवळ नष्ट झाला होता.

१२/ सप्टेंबर २०१३ मध्ये डोमिनिकन घटनात्मक न्यायालयाने निर्णय दिला : १९२९ नंतर देशात जन्मलेल्या, पण कायदेशीर निवास नसलेल्या परकीय आईबापांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाही. आधार होता राज्यघटनेतील ‘वाटेवर असलेले’ परदेशी हा अपवाद. पिढ्यान्‌पिढ्या त्याच फडांत ऊस तोडलेली कुटुंबे कायद्याच्या लेखी वाटसरू ठरली. जगभरातून टीका झाल्यावर २०१४ मध्ये नवा कायदा आला. ज्यांचा जन्म आधीच नोंदलेला होता त्यांना त्याने नागरिकत्व परत दिले. ज्यांची नोंदच कधी झाली नव्हती, त्यांना स्वतःच्या जन्मभूमीत परदेशी म्हणून अर्ज करण्यास सांगितले.