दिनविशेष २४ मार्च : लाईकपायी अटक करणारे कलम रद्द

२०१५ साली आजच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. ऑनलाइन ‘त्रासदायक’ मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद, असे ते मोघम कलम. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी पालघरची तरुणी आणि ती पोस्ट नुसती लाईक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. एका लाईकपायी! त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली. चर्चा करणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, असे न्या. नरिमन यांनी निकालात बजावले. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) क्रांती चौकात, १८५७ च्या शिपायांना देहदंड झाला त्या जागी, आज मोर्चेकरी माईकवरून सरकारला जाब विचारतात; मोबाईलवर लिहिणाऱ्यालाही तोच हक्क आहे. मात्र पोलीस हे मेलेले कलम लावतच राहिले. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.