'ब्राझिलियन आर्डवार्क' : एका खोट्या नावाचा प्रवास

कोआटी हा रकूनच्या कुळातील, लांब नाकाचा सस्तन प्राणी. त्याचे वास्तव्य अमेरिका खंडांत आहे. आर्डवार्क हा मुंग्या व वाळवी खाणारा प्राणी मात्र आफ्रिकेतील असून त्याच्या गणातील ती एकमेव हयात जाती होय. या दोहोंत जवळचे नाते नाही. तरीही कोआटीला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असेही म्हणतात, असे काही वर्षे छापून येत होते.

या नावाचा उगम जुलै २००८ मधील आहे. ब्राझीलमधील इग्वासू धबधब्याजवळ पाहिलेले कोआटी एका अमेरिकन विद्यार्थ्याला आर्डवार्क वाटले होते. त्याने इंग्रजी विकिपीडियातील कोआटीच्या लेखात गंमत म्हणून हे नाव घातले. त्याला कोणताही संदर्भ नव्हता. तरी ते तसेच राहिले. पुढे ब्रिटनमधील 'इंडिपेंडंट' व 'डेली मेल' या दैनिकांत, इतकेच नव्हे तर शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेच्या एका पुस्तकातही ते अवतरले. कालांतराने वृत्तपत्रातील मजकूरच विकिपीडियातील त्या नावाचा आधार म्हणून दाखविण्यात आला. मे २०१४ मध्ये 'न्यूयॉर्कर'ने हा प्रकार उजेडात आणला. अशा चक्राला 'सायटोजेनेसिस' हे नाव व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २०११ साली दिले होते.

अशा विधानांची पडताळणी सामान्य वाचकालाही करता येते. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला 'इतिहास' हे पान जोडलेले असून तेथे प्रत्येक बदलाची तारीख नोंदलेली असते. शंकास्पद वाक्य लेखात केव्हा आले, हे तेथे शोधावे. आधार म्हणून दिलेला मजकूर त्यानंतरचा असल्यास तो त्याच वाक्यावरून उचललेला असण्याची शक्यता राहते. अशा वेळी जुने प्रमाणग्रंथ उपयोगी पडतात. 'मॅमल स्पीसीज ऑफ द वर्ल्ड' या सस्तन प्राण्यांच्या सूचीग्रंथाची तिसरी आवृत्ती २००५ साली, म्हणजे या नावाच्या जन्मापूर्वीच निघाली होती.

आधार सापडत नसेल, तर मराठी विकिपीडियात त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करता येते. या खुणेने वाक्य खोटे ठरत नाही. वाचक सावध होतो. कोआटीच्या लेखात अशी खूण वेळीच झाली असती, तर ती चूक छापखान्यापर्यंत कदाचित पोहोचली नसती.