एका वेळापत्रकाची कुळकथा

स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'च्या शेवटी एक म्हातारा बाप मुलाच्या, म्हणजे गॅट्सबीच्या, अंत्यविधीसाठी मिनेसोटाहून येतो. खिशातून एक जुनं, फाटकं पुस्तक काढतो. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलानं १२ सप्टेंबर १९०६ ही तारीख घालून वेळापत्रक लिहिलेलं असतं. सहाला उठायचं, डंबेल्स, विजेचा अभ्यास, मग काम. खाली निश्चय: आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकायचे. पाच खोडून तीन केलेले आहेत. त्या खोडलेल्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबतो.

या वेळापत्रकाचा मूळपुरुष बेंजामिन फ्रँकलिन, बॉस्टनच्या मेणबत्त्या नि साबण करणाऱ्याचा मुलगा. पहाटे पाचला उठणं, तेरा सद्गुणांची वही, चुकलं की काळा ठिपका, हे सगळं त्याच्या आत्मचरित्रात आहे. १८६८ साली होरेशिओ अल्जरनं 'रॅग्ड डिक'मध्ये तोच धडा न्यूयॉर्कच्या बूटपॉलिशवाल्या पोराला दिला. डिक लिहायला शिकतो, बँकेत पैसे टाकतो. पण त्याचं नशीब उघडतं ते बोटीवरून पाण्यात पडलेल्या मुलाला वाचवल्यावर. मुलाचा श्रीमंत बाप त्याला नोकरी देतो. कष्ट आणि फळ यांच्यामधली फट अल्जरच्या गोष्टीतच होती, त्यानं ती योगायोगानं लिंपून टाकली.

फिट्झजेराल्डनं १९२५ साली ते लिंपण खरवडलं. त्याचा पोरगाही होडी वल्हवत जाऊन नौकेवरच्या एका लक्षाधीशाला वाऱ्याच्या धोक्याची सूचना देतो, त्याच्या पदरी राहतो. पण मृत्युपत्रानं दिलेले पंचवीस हजार डॉलर त्याच्या हाती लागत नाहीत. पुढचं वैभव चोरट्या दारूच्या धंद्यातलं.

'अमेरिकन ड्रीम' हे शब्द या कादंबरीत कुठेच नाहीत. ते आधी तुरळक छापले जात, पण रूढ झाले १९३१ मध्ये, जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्सच्या 'द एपिक ऑफ अमेरिका'मुळे. तेव्हा महामंदी होती. स्वप्नाच्या पडझडीची गोष्ट आधी लिहिली गेली, नाव मागाहून रुळलं. अ‍ॅडम्सनं तर बजावलं होतं की हे निव्वळ मोटारींचं आणि भरघोस पगाराचं स्वप्न नाही. त्याला ते दिसलं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वाचनदालनात, जिथं गरीब-श्रीमंत एकत्र वाचत बसतात. हा अर्थ मागे पडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नॅथनेल वेस्टनं १९३४ मध्ये एका कादंबरीत अल्जरच्या छापाचा नायक घेऊन त्याचे दात, डोळा, पाय एकेक करून काढून घेतले. १९४९ मध्ये आर्थर मिलरच्या नाटकातल्या सेल्समनच्या कबरीपाशी घरचे आणि शेजारी एवढेच उभे होते.

गॅट्सबीच्या अंत्यविधीलाही फारशी माणसं नव्हती. पण म्हाताऱ्याला त्या पानात कुठलंच न्यून दिसत नाही. तो एकेक ओळ मोठ्यानं वाचतो आणि गोष्ट सांगणाऱ्या निककडे उत्सुकतेनं पाहतो. निकला वाटतं, आपण ती यादी स्वतःसाठी उतरवून घ्यावी, अशी त्याची अपेक्षा असावी.