सिंथेसायझर : यंत्र घ्यावे की सॉफ्टवेअर?
जपानच्या कॉर्ग कंपनीने २०२० मध्ये ‘वेव्हस्टेट’ हा ३७ पट्ट्यांचा डिजिटल सिंथेसायझर बाजारात आणला. १९९० च्या ‘वेव्हस्टेशन’चा हा वारसदार. त्याच्या पोटात ‘रास्पबेरी पाय’ हा चिमुकला संगणकच आहे. पुढे २०२२ मध्ये हेच ध्वनितंत्र ‘वेव्हस्टेट नेटिव्ह’ या सॉफ्टवेअरच्या रूपात बऱ्याच कमी किमतीत उपलब्ध झाले. साहजिकच यंत्रासाठी मोजावे लागणारे जादा पैसे आवाजाचे नसून पट्ट्या, हाताशी असलेले नॉब आणि सुरू करताच वाजवण्याची सोय यांचे असतात. सॉफ्टवेअरला संगणक व स्वतंत्र कीबोर्ड लागतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यास ते निरुपयोगीही ठरू शकते. यंत्राला मात्र पुनर्विक्रीचे मूल्य असते. घरच्या ध्वनिमुद्रणास सॉफ्टवेअर पुरेसे आहे. रंगमंचावर वाजवणाऱ्यांसाठी यंत्रच अधिक भरवशाचे.